एकमार्गी विलंबाचे मापन : सर्व्हर, घड्याळे आणि ‘ओवॅम्प’

दूरध्वनीवरील संभाषण, दूरस्थ वैद्यकीय सल्ला, रोखेबाजारातील व्यवहार आणि वैज्ञानिक प्रयोगांतील माहिती या सर्वांची वाहतूक आज संगणकीय जाळ्यांवरून होते. जाळ्याची क्षमता सांगताना दर सेकंदाला किती मेगाबिट माहिती जाते हा आकडा बहुधा पुढे केला जातो. परंतु एका टोकाने पाठवलेला संदेश दुसऱ्या टोकाला पोहोचण्यास नेमका किती वेळ लागला, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे आणि त्याचे उत्तर मिळवणे वाटते तितके सोपे नाही. हा वेळ दोन्ही दिशांसाठी स्वतंत्रपणे मोजणारी सेवा सर्व्हरवर अखंड चालू ठेवण्याची पद्धत, त्यामागील आंतरराष्ट्रीय मानक आणि या मापनाच्या मर्यादा यांचा परिचय या लेखात करून दिला आहे.

विलंबाचे घटक

इंटरनेटवरील माहिती लहान लहान तुकड्यांत विभागून पाठवली जाते. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. पॅकेटाला लागणाऱ्या विलंबाचे चार भाग पडतात : माध्यमातून प्रत्यक्ष प्रवास करण्याचा वेळ, पॅकेटातील सर्व बिट तारेवर चढवण्याचा वेळ, वाटेतील प्रत्येक राउटरला पुढचा मार्ग ठरवण्यास लागणारा वेळ आणि राउटरपाशी रांगेत थांबण्याचा वेळ.

यांतील पहिला भाग निसर्गनियमाने बांधलेला आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर अंतर कापतो. म्हणजे १,००० किलोमीटरच्या तंतूला सुमारे ५ मिलिसेकंद लागतात. मुंबई आणि दिल्ली यांमधील सरळ अंतर सुमारे १,१५० किलोमीटर आहे. तंतुमार्ग अगदी सरळ टाकला, तरी एका दिशेचा विलंब पावणेसहा मिलिसेकंदांच्या खाली येऊ शकत नाही. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. त्यामुळे त्याच्यामार्फत जाणाऱ्या संदेशाला वर जाऊन खाली येण्यासच सुमारे २४० मिलिसेकंद लागतात.

रांगेत थांबण्याचा वेळ मात्र क्षणोक्षणी बदलतो. जाळ्यावर गर्दी झाली की तो वाढतो आणि गर्दी ओसरली की कमी होतो. जाळ्याची प्रकृती समजते ती मुख्यतः या भागावरून. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार, संभाषणात एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असल्यास बहुतेक उपयोगांत अडचण जाणवत नाही. जाळ्यांची आखणी करताना ४०० मिलिसेकंदांची मर्यादा ओलांडू नये, असेही ही शिफारस सांगते. हे दोन्ही आकडे एका दिशेचे आहेत, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

येण्याजाण्याचा वेळ अपुरा का पडतो

विलंब मोजण्याचे सर्वांत परिचित साधन म्हणजे पिंग. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी ते डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले. पिंग एक पॅकेट पाठवते, समोरचा संगणक त्याला उत्तर देतो आणि उत्तर येईपर्यंत गेलेला वेळ मोजला जातो. पाठवणी आणि परतीची नोंद एकाच संगणकाच्या घड्याळावर होत असल्याने ते घड्याळ जगाच्या वेळेशी जुळलेले असो वा नसो, उत्तर बरोबर येते. पिंगचे सामर्थ्य या साधेपणात आहे.

तिची मर्यादाही त्यातूनच उद्भवते. येण्याजाण्याचा एकूण वेळ ८० मिलिसेकंद निघाला, तर जाताना ४० आणि येताना ४० लागले असे गृहीत धरण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात जाताना ३० आणि येताना ५० लागलेले असू शकतात. इंटरनेटवर जाण्याची आणि येण्याची वाट एकच असेल असा कोणताही नियम नाही. प्रत्येक सेवादाता आपल्या सोयीने आणि करारांनुसार मार्ग निवडतो. दोन्ही दिशांची वाट एकच असली, तरी एका दिशेला गर्दी आणि दुसऱ्या दिशेला मोकळीक ही स्थितीही नित्याची आहे.

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या समुद्राखालील केबल तुटल्या, तेव्हा भारतासह अनेक देशांची इंटरनेट सेवा विस्कळीत झाली. अनेक सेवादात्यांनी पश्चिमेकडील वाहतूक पूर्वेकडून वळवली. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात केबल तुटल्या, तेव्हाही दक्षिण आशियातील वाहतुकीचा विलंब वाढला. अशा वेळी जाणारी वाहतूक वळवणे आणि येणारी वाहतूक वळवणे हे दोन स्वतंत्र निर्णय असतात आणि ते वेगवेगळ्या संस्थांच्या हाती असतात. दोष कोणत्या दिशेला आहे हे कळल्याखेरीज तक्रार कोणाकडे करावी हेही ठरवता येत नाही. पिंगचा एकत्रित आकडा हा भेद दाखवू शकत नाही.

दोन घड्याळांचा प्रश्न

एका दिशेचा विलंब मोजण्याची कल्पना टपाल खात्याच्या शिक्क्यांवरून सहज समजते. पत्र टाकले त्या कचेरीचा शिक्का आणि पत्र पोहोचले त्या कचेरीचा शिक्का यांतील फरक पाहिला की पत्राला किती काळ लागला ते कळते. पोचपावतीची वाट पाहण्याची गरज नसते. मात्र दोन्ही कचेऱ्यांचे शिक्के बरोबर असले पाहिजेत. एका कचेरीने तारीख बदलण्यात चूक केली, तर वेळेवर आलेले पत्रही उशिरा आल्यासारखे दिसेल.

मुंबईच्या इतिहासात याचे बोलके उदाहरण सापडते. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. परंतु मुंबई शहरात ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत प्रचारात राहिली. ही वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. त्या काळी एखाद्या प्रवाशाने मुंबईहून निघताना शहरातील घड्याळ पाहिले असते आणि नागपूरला उतरताना प्रमाणवेळेचे घड्याळ पाहिले असते, तर त्याला प्रवास खऱ्यापेक्षा ३९ मिनिटे लांबल्याचे वाटले असते. परतीच्या प्रवासात तीच दोन घड्याळे पाहिल्यास प्रवास ३९ मिनिटांनी लवकर झाल्याचे दिसले असते. दोन्ही प्रवासांची बेरीज केली, तर ती मात्र अगदी बरोबर आली असती.

एकमार्गी मापनातील मुख्य अडचण हीच आहे. दोन टोकांच्या घड्याळांत जितका फरक, तितकी चूक एका दिशेत मिळवली जाते आणि दुसऱ्या दिशेतून वजा होते. बेरजेत ती दिसत नाही. म्हणून एकमार्गी विलंब मोजणारा सर्व्हर चालवणे म्हणजे मुख्यतः एक विश्वासार्ह घड्याळ सांभाळणे होय.

‘ओवॅम्प’ मानकाचा उगम

इंटरनेटची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स या संस्थेच्या एका कार्यगटाने जाळ्याच्या कामगिरीची मापे निश्चित करण्याचे काम हाती घेतले. त्याची सर्वसाधारण चौकट मे १९९८ मध्ये आरएफसी २३३० या दस्तऐवजाद्वारे प्रसिद्ध झाली. एकमार्गी विलंबाची व्याख्या सप्टेंबर १९९९ मध्ये आरएफसी २६७९ मध्ये देण्यात आली आणि जानेवारी २०१६ मध्ये आरएफसी ७६७९ ने तिची जागा घेतली.

व्याख्या ठरली तरी दोन अपरिचित संस्थांच्या यंत्रांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलून हे मापन करावे, हा प्रश्न उरला होता. त्याचे उत्तर सप्टेंबर २००६ मध्ये आरएफसी ४६५६ ने दिले. वन-वे ॲक्टिव्ह मेझरमेंट प्रोटोकॉल असे या मानकाचे नाव असून त्याच्या आद्याक्षरांवरून ते ‘ओवॅम्प’ म्हणून ओळखले जाते. अमेरिकेतील विद्यापीठांची आणि संशोधन संस्थांची संघटना असलेल्या इंटरनेट-टू ने या मानकावर आधारित खुली संगणकप्रणाली तयार केली. उपग्रहाधारित जीपीएस घड्याळे स्वस्त आणि सुलभ होत चालल्याने आता असे मापन व्यापक प्रमाणावर करता येईल, ही अपेक्षा या मानकाच्या प्रस्तावनेतच व्यक्त करण्यात आली आहे.

डीमनचे कार्य

संगणकाच्या पार्श्वभूमीवर सतत चालू राहून कोणाची विनंती येते का याची वाट पाहणाऱ्या प्रणालीला डीमन म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी रेणूंची निवड करत बसणारा एक काल्पनिक जीव मांडला होता. त्यावरून अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या संगणकतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात हे नाव रूढ केले. ओवॅम्पचा डीमन ‘ओवॅम्पडी’ या नावाने ओळखला जातो आणि त्याच्याशी संपर्क साधून मापन घडवून आणणाऱ्या आज्ञेला ‘ओडब्ल्यूपिंग’ म्हणतात.

मापनाचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात ग्राहक संगणक टीसीपीच्या ८६१ क्रमांकाच्या पोर्टवर डीमनशी जोडणी करतो. किती पॅकेटे पाठवायची, किती अंतराने पाठवायची, त्यांचा आकार किती आणि ती कोणत्या पोर्टवर घ्यायची, हे येथे ठरते. दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष चाचणीची पॅकेटे यूडीपी पद्धतीने पाठवली जातात. प्रत्येक पॅकेटावर अनुक्रमांक, पाठवल्याच्या वेळेचा शिक्का आणि त्या वेळेत किती चूक असू शकते याचा अंदाज नोंदलेला असतो. पॅकेट पोहोचताच समोरचा संगणक आपल्या घड्याळाची वेळ त्यापुढे नोंदवतो. मापन संपल्यावर ग्राहक हे निकाल सर्व्हरकडून मागवून घेऊ शकतो.

वेळेचा शिक्का ६४ बिटांचा असतो. त्यांपैकी ३२ बिट १ जानेवारी १९०० पासूनचे सेकंद दाखवतात आणि उरलेले ३२ बिट सेकंदाचा अपूर्णांक दाखवतात. सेकंदांची ही गणना ७ फेब्रुवारी २०३६ रोजी भरून पुन्हा शून्यावर येणार असल्याने दीर्घकाळ नोंदी ठेवणाऱ्यांनी त्याची जाणीव ठेवणे इष्ट आहे.

चुकीच्या अंदाजासाठी १६ बिट राखून ठेवलेले आहेत. आपले घड्याळ बाह्य स्रोताशी जुळलेले आहे की नाही, हे त्यांपैकी एक बिट सांगतो. आपल्या साक्षीवर कितपत विश्वास ठेवावा हे साक्षीदाराने स्वतःच सांगावे, अशी ही योजना आहे. ओवॅम्पचे हे सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य मानावे लागेल.

पॅकेटे ठरावीक अंतराने न पाठवता यादृच्छिक अंतराने पाठवली जातात. जाळ्यातील काही घडामोडी ठरावीक कालावधीने घडत असतात. मापनही तशाच ठेक्याने चालले, तर ते दर वेळी त्या घडामोडीच्या क्षणीच होईल किंवा प्रत्येक वेळी ती चुकवेल. यादृच्छिक अंतरामुळे हा धोका टळतो. ओडब्ल्यूपिंग नेहमीच्या मांडणीत सरासरी ०.१ सेकंदाच्या अंतराने १०० पॅकेटे प्रत्येक दिशेने पाठवते.

या पॅकेटांचा भार अल्प असतो. सर्वांत लहान चाचणी पॅकेटात १४ बाइट मजकूर असतो. यूडीपीचे ८ आणि आयपीचे २० बाइट मिळून ते ४२ बाइट होते. सेकंदाला १० पॅकेटे पाठवली, तरी सुमारे ३.४ किलोबिट प्रतिसेकंद एवढीच क्षमता खर्च होते. चाचणी दिवसभर चालू ठेवल्यास मात्र एका दिशेच्या ८ लाख ६४ हजार नोंदी जमा होतात. त्यामुळे साठवणुकीचा विचार आधी करावा लागतो.

मानकाच्या रचनेत आणखी एक दूरदृष्टी आढळते. चाचणीची पॅकेटे ओळखता येतील अशी ठरावीक खूण त्यांच्यात नसते आणि त्यांचे पोर्टही दर वेळी परस्परांत ठरवले जातात. तपासनीस येणार हे कळल्यावर तेवढ्यापुरती व्यवस्था सुधारण्याची वृत्ती सर्वत्र आढळते. चाचणीची वाहतूक ओळखून तिलाच प्राधान्य देणे सेवादात्याला अवघड जावे, हा या योजनेमागील हेतू आहे.

घड्याळ जुळवणे

संगणकातील घड्याळ क्वार्ट्‌झ स्फटिकाच्या कंपनांवर चालते. तापमान आणि स्फटिकाचे वय यांनुसार ही कंपने किंचित बदलतात. दहा लाखांत दहा भाग इतकी चूक असलेले घड्याळ दिवसाला ०.८६ सेकंदाने, म्हणजे तासाला ३६ मिलिसेकंदांनी सरकते. मुंबई-दिल्ली अंतरासाठी प्रकाशाला लागणाऱ्या वेळेच्या हे सहापट आहे. अर्थात न जुळवलेल्या घड्याळावर घेतलेला एकमार्गी विलंबाचा आकडा तासाभरात निरर्थक होऊ शकतो.

घड्याळे जुळवण्याची प्रचलित पद्धत म्हणजे नेटवर्क टाइम प्रोटोकॉल अर्थात एनटीपी. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड मिल्स यांनी ती विकसित केली आणि १९८५ मध्ये आरएफसी ९५८ द्वारे तिचे प्रमाणीकरण झाले. मिल्स यांचे जानेवारी २०२४ मध्ये निधन झाले. पद्धतीची चौथी आवृत्ती जून २०१० मध्ये आरएफसी ५९०५ म्हणून प्रसिद्ध झाली. लिनक्स संगणकांवर याच पद्धतीसाठी ‘क्रोनी’ ही प्रणालीही वापरली जाते.

स्थानिक जाळ्यातील चांगल्या सर्व्हरशी जुळवलेले घड्याळ बहुधा एका मिलिसेकंदाच्या आत राहते. दूरच्या सर्व्हरशी सार्वजनिक इंटरनेटवरून जुळवल्यास चूक कित्येक मिलिसेकंदांवर जाऊ शकते. जीपीएस ग्राहकयंत्राकडून दर सेकंदाला मिळणारा स्पंद थेट संगणकाला जोडल्यास ती काही मायक्रोसेकंदांवर येते. याहून सूक्ष्म कामासाठी आयईईई १५८८ हे २००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले मानक आहे. त्यात वेळेची नोंद नेटवर्क कार्डाच्या पातळीवरच होते.

किमान चार वेगवेगळे वेळस्रोत जोडावेत, असा सल्ला दिला जातो. दोन घड्याळांत मतभेद झाला तर खरे कोणते हे ठरवता येत नाही. तिसरे घड्याळ असल्यास बहुमत कळते आणि चौथे असल्यास एखादे बंद पडले तरी बहुमत शाबूत राहते.

लपून राहणारी विषमता

एनटीपीच्या कार्यपद्धतीतील एक बाब येथे समजून घेणे अत्यावश्यक आहे. एनटीपीसुद्धा वेळसर्व्हरला संदेश पाठवून उत्तर मागवते आणि जाण्यास व येण्यास सारखाच वेळ लागला असे गृहीत धरून दोन घड्याळांतील फरक काढते. जाण्यायेण्याच्या वेळांत तफावत असली, तर तिच्या निम्मी चूक घड्याळात शिरते.

समजा, ‘अ’ आणि ‘ब’ या दोन केंद्रांदरम्यान जाताना ३० आणि येताना ५० मिलिसेकंद लागतात. ‘अ’ चे घड्याळ याच मार्गाने ‘ब’ कडून वेळ घेते. एनटीपी दोन्ही बाजूंना ४० मिलिसेकंद धरते आणि ‘अ’ चे घड्याळ १० मिलिसेकंद मागे पडते. आता ओवॅम्पने मापन केले, तर ‘अ’ कडून ‘ब’ कडे जाताना ४० आणि ‘ब’ कडून ‘अ’ कडे येताना ४० मिलिसेकंद असा निकाल येतो. प्रत्यक्षात असलेली २० मिलिसेकंदांची तफावत पूर्णपणे नाहीशी होते. निकाल नीटनेटका दिसतो आणि चुकीचा असतो.

जी विषमता शोधण्यासाठी सर्व्हर उभारला, तीच घड्याळ जुळवण्याच्या क्रियेत गिळली जाते. म्हणूनच वेळेचा स्रोत मोजल्या जाणाऱ्या मार्गापासून स्वतंत्र असला पाहिजे. दोन्ही टोकांना जीपीएस घड्याळ असणे सर्वोत्तम होय. ते शक्य नसल्यास प्रत्येक टोकाने आपल्या जवळच्या, खात्रीच्या वेळसर्व्हरशी घड्याळ जुळवावे. दोन्ही दिशांचे आकडे दिवसेंदिवस तंतोतंत सारखे येऊ लागले, तर समाधान मानण्याऐवजी घड्याळ कोठून वेळ घेते हे तपासावे.

लीप सेकंदाचाही येथे उल्लेख करावा लागेल. आजवरचा शेवटचा लीप सेकंद ३१ डिसेंबर २०१६ च्या अखेरीस, म्हणजे भारतात १ जानेवारी २०१७ रोजी पहाटे साडेपाचच्या सुमारास, मिळवण्यात आला. काही वेळसर्व्हर असा सेकंद एकदम न मिळवता २४ तासांत थोडा थोडा पसरवतात. एका टोकाने पहिली आणि दुसऱ्या टोकाने दुसरी पद्धत स्वीकारल्यास त्या दिवशी घड्याळांत अर्ध्या सेकंदापर्यंत फरक पडू शकतो. लीप सेकंदाची सध्याची पद्धत २०३५ पर्यंत बदलण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२२ मध्ये वजने-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने घेतला आहे.

सर्व्हर उभारताना

ओवॅम्पडी लिनक्स संगणकावर चालवता येतो. संशोधन जाळ्यांच्या मापनासाठी अनेक संस्थांनी मिळून विकसित केलेल्या ‘पर्फसोनार’ या संचातही तो समाविष्ट आहे. प्रत्यक्ष उभारणी करताना पुढील बाबींकडे लक्ष द्यावे.

संगणक : मापनासाठी शक्यतो स्वतंत्र, प्रत्यक्ष यंत्र वापरावे. एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक चालत असतील, तर त्यांपैकी प्रत्येकाला प्रोसेसर आळीपाळीने मिळतो. पाळी येईपर्यंतचा काळ जाळ्याच्या विलंबात मोजला जातो. त्याच यंत्रावरून मोठ्या क्षमतेच्या वेगचाचण्या एकाच वेळी घेतल्यास विलंबाचे आकडे बिघडतात.

घड्याळ : डीमन सुरू करण्यापूर्वी वेळ जुळवणारी सेवा सुरू करून घड्याळ स्थिरावू द्यावे. यंत्र नुकतेच चालू केले असता घेतलेली मापे ग्राह्य धरू नयेत.

फायरवॉल : नियंत्रणासाठी टीसीपीचे ८६१ पोर्ट आणि चाचणीसाठी यूडीपी पोर्टांचा एक पट्टा खुला ठेवावा लागतो. हा पट्टा कॉन्फिगरेशन फाइलमध्ये निश्चित करता येतो. नियंत्रणाची जोडणी होते परंतु सर्व पॅकेटे हरवल्याचे दिसते, तेव्हा यूडीपीचा पट्टा बंद असण्याचा संभव अधिक असतो.

अधिकार : डीमनला संगणकाच्या मुख्य व्यवस्थापकाचे सर्वाधिकार देऊन चालवू नये. त्यासाठी मर्यादित अधिकारांचे स्वतंत्र खाते असावे.

मर्यादा : कोणत्या वर्गातील वापरकर्त्याला किती बँडविड्थ आणि किती साठवण वापरता येईल, हे मर्यादांच्या स्वतंत्र फाइलमध्ये लिहिले जाते. वर्गांची उतरंड असते आणि खालच्या वर्गाला वरच्या वर्गाच्या मर्यादेत राहावे लागते. वर्ग नेटवर्क पत्त्यावरून किंवा वापरकर्त्याच्या नावावरून ठरवता येतो.

सुरक्षा : मानकात खुली, ओळख पटवून आणि कूटबद्ध अशा तीन पद्धती आहेत. खुल्या पद्धतीत कोणीही सर्व्हरला पॅकेटे पाठवण्यास सांगू शकतो. ही पॅकेटे तिसऱ्याच, बेसावध संगणकाकडे पाठवण्याची विनंती झाली, तर सर्व्हर नकळत हल्ल्याचे साधन बनेल. म्हणून खुल्या पद्धतीत पॅकेटे विनंती करणाऱ्याकडे किंवा सर्व्हरचालकाच्या स्वतःच्या यंत्रांकडेच जावीत, असे मानक सुचवते.

निकालाचे वाचन

ओडब्ल्यूपिंग प्रत्येक दिशेसाठी स्वतंत्र निकाल देते. त्यात पाठवलेली व हरवलेली पॅकेटे, किमान, मध्यक आणि कमाल विलंब, घड्याळातील संभाव्य चूक, विलंबातील चढउतार, वाटेतील राउटरांची संख्या आणि पॅकेटांचा क्रम बदलला का, ही माहिती असते. राउटरांची संख्या काढण्याची युक्ती साधी आहे. प्रत्येक पॅकेट २५५ या आकड्यासह निघते आणि दर राउटरपाशी तो आकडा एकने घटतो. पोहोचताना किती उरला त्यावरून किती टप्पे झाले ते कळते.

सरासरीऐवजी मध्यक घेण्यामागे कारण आहे. हरवलेल्या पॅकेटाचा विलंब अनंत मानला जातो. एकच पॅकेट हरवले तरी सरासरी अर्थहीन ठरते. मध्यक मात्र निम्म्याहून कमी पॅकेटे हरवली असतील तोवर अर्थपूर्ण राहतो.

किमान विलंब हा मोकळ्या वाटेचा विलंब समजावा. मध्यक आणि किमान यांतील अंतर वाढले तर रांगा वाढल्या आहेत. किमान विलंबच एकाएकी बदलून नव्या आकड्यावर स्थिरावला तर बहुधा मार्ग बदललेला असतो. राउटरांची संख्याही त्याच वेळी बदलली असल्यास त्याला पुष्टी मिळते.

जाळ्याचा दोष आणि घड्याळाचा दोष वेगळे करण्यासाठी दोन्ही दिशांचे आलेख शेजारी ठेवून पाहावेत. एका दिशेचा विलंब वाढला आणि दुसऱ्या दिशेचा स्थिर राहिला, तर कारण बहुधा जाळ्यात असते. एका दिशेचा जितका वाढला तितकाच दुसऱ्या दिशेचा घटला, तर घड्याळ सरकले आहे असे समजावे. मुंबई वेळेच्या उदाहरणातील ३९ मिनिटांप्रमाणेच ही चूक एकीकडे मिळते आणि दुसरीकडे वजा होते. विलंब उणे आला, म्हणजे पॅकेट निघण्यापूर्वीच पोहोचल्याचे दिसले, तर घड्याळाच्या दोषाबद्दल शंकाच उरत नाही. नोंदलेली संभाव्य चूक ५ मिलिसेकंद असताना २ मिलिसेकंदांच्या फरकावरून निष्कर्ष काढणे अयोग्य होय.

भारतातील संदर्भ

भारतीय प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे. अणुघड्याळांच्या साहाय्याने ती ही वेळ राखते. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवादाते, माहिती केंद्रे, कंपन्या आणि शासकीय संस्था यांनी आपल्या यंत्रणांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळसर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी संलग्न सर्व्हरशी, जुळवणे अपेक्षित आहे. सायबर गुन्ह्यांच्या तपासात वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी जुळाव्यात यासाठी अशी समान वेळ आवश्यक असते. एकमार्गी विलंबाच्या मापनालाही ती तितकीच उपयुक्त आहे. मात्र निर्देशाचे पालन करतानाही वेळ कोणत्या मार्गाने येते, हा वर सांगितलेला विचार सुटू नये.

संशोधनाच्या क्षेत्रात या मापनाचा संबंध थेट येतो. जिनिव्हाजवळील सर्न येथील लार्ज हॅड्रॉन कोलायडरची माहिती जगभरातील संगणक केंद्रांत वाटली जाते. या केंद्रांमधील जाळ्यांवर लक्ष ठेवण्यासाठी पर्फसोनारचा उपयोग होतो. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि कोलकात्याचे व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर या व्यवस्थेत सहभागी आहेत. इतक्या दूरच्या अंतरावर थोडी पॅकेटे हरवली तरी माहितीचा वेग मोठ्या प्रमाणात घसरतो. दोष कोणत्या देशातील, कोणत्या दिशेच्या दुव्यात आहे हे शोधण्यासाठी अशा अखंड नोंदी कामी येतात.

अन्य पद्धती

ऑक्टोबर २००८ मध्ये आरएफसी ५३५७ द्वारे ‘ट्वॅम्प’ हे दोन्ही दिशांचे मापन करणारे मानक आले. त्याचे नियंत्रणाचे पोर्ट ८६२ आहे. मार्च २०२० मध्ये आरएफसी ८७६२ ने ‘स्टॅम्प’ ही अधिक सुटसुटीत पद्धत दिली. दूरसंचार कंपन्यांच्या उपकरणांत ट्वॅम्प अधिक आढळते. केवळ येण्याजाण्याचा वेळ हवा असेल, तर ही साधने पुरेशी आहेत आणि त्यांत दोन्ही टोकांची घड्याळे जुळवण्याची आवश्यकता नसते. दिशेनुसार विलंब हवा असेल, तर कोणतीही पद्धत निवडली तरी घड्याळांचा प्रश्न टळत नाही.

सारांश

एकमार्गी विलंब मोजणारा डीमन बसवणे हे तासाभराचे काम आहे. त्याच्या निकालावर विसंबता येईल अशी व्यवस्था राखणे हे मात्र नित्याचे काम आहे. घड्याळाचा स्रोत कोणता, तो मोजमापाच्या मार्गापासून स्वतंत्र आहे का आणि संभाव्य चूक किती, या तीन गोष्टी नोंदीसोबत ठेवल्यास तो आकडा पुरावा म्हणून मांडता येतो. त्या नसल्यास सेवादात्याशी होणाऱ्या वादात तो टिकत नाही. सर्व्हर चालवणाऱ्याने म्हणूनच दररोज प्रथम घड्याळाची स्थिती तपासावी आणि त्यानंतर विलंबाचे आकडे वाचावेत.